पहिल्या दाढेची कड

डॉक्टर घोडीवर बसलेले मी कधीच पाहिले नाहीत. फिरतीसाठी त्यांनी घोडी बाळगावी अशी त्यांच्या खात्याची अपेक्षा होती, आणि ती त्यांनी बाळगलीही होती. रानी तिचं नाव. पण तिच्या खोगिरावर बसायची ती औषधांची पेटी. डॉक्टर धोतराचा काचा मारून तिच्या बाजूने चालायचे. उन्हाळ्यात पेटीवर छत्री बांधलेली असायची, कारण काही औषधं उन्हाने बिघडत. डॉक्टरांच्या डोक्यावर नुसता ओला पंचा.

धानाच्या बांधीतून कुणीतरी ओरडायचं, "डाक्टरसाहेब, घोडी तुमची आहे का तुम्ही घोडीचे?"

डॉक्टर थांबायचे. घाई असली तरी थांबायचे. "बसलो असतो रे भाऊ. पन तिच्या तोंडात लोखंड घालाचं, पाठीवर बसाचं, अन वरून म्हनाचं का मी जनावराचा डाक्टर आहो?"

रानीला लगाम नव्हताच. सुताच्या दोरीची मोहरकी होती, आणि तीही सैल.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. ब्रह्मपुरीला ते ढोरांचे डॉक्टर होते, वय पन्नाशीचं, मूळचे आरमोरीकडचे. मी पंचविशीतला, अमरावतीहून नव्यानेच आलेला ड्रॉइंग मास्तर. एका घराच्या दोन भागांत आम्ही राहत होतो. मधली भिंत कुडाची, त्यामुळे त्यांचा खोकलाही मला पाठ होता. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाचा झालो आहे. त्यांच्याविषयी लिहायचं तर मला माझा एक अपराध सांगावा लागेल. तो टाळून लिहिण्याचा प्रयत्न मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा कागद फाडले.

डॉक्टर दातांचे वेडे होते. माणूस भेटला की आधी त्याच्या तोंडाकडे पाहायचे. माझी पहिली ओळख झाली तेव्हा नाव विचारायच्या आधीच ते म्हणाले, "सुपारी सोडून दे." पण खरं वेड घोड्यांच्या दातांचं. आठवडी बाजारात मीठ-मिरची लादून तट्टू यायचे. डॉक्टर प्रत्येकाजवळ जाऊन, मानेवर थोपटून, ओठ वर करायचे, आत डोकावायचे आणि शाळेच्या वहीत काहीतरी टिपायचे. वहीच्या पानावर दोन रकाने होते. एक लगामवाल्यांचा, दुसरा दोरीवाल्यांचा. पोलिस जमादाराचा घोडा, मालगुजारांकडचे उरलेसुरले घोडे, स्टेशनवरचे टांगे हे पहिल्या रकान्यात. ओझ्याचे तट्टू दुसऱ्यात.

"घ्याचा आहे का डाक्टर?" तट्टूवाला आशेने विचारायचा.

"नाई रे. भेटाले आलो."

मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती आणि तिच्यामागे घोडेही जात होते. पहिला रकाना हळूहळू भरत होता. डॉक्टरांना त्याची फार काळजी. "मास्तर, दहा वर्षांनी इथी लगामाचा घोडा दिसनार नाई. मंग मी कोनाचं तोंड पाहू?"

हे सगळं सुरू झालं एका जुन्या इंग्रजी मासिकामुळे. निवृत्त होऊन गेलेल्या कुणा जंगल अधिकाऱ्याच्या रद्दीतून ते त्यांच्याकडे आलं होतं. दूर उत्तरेच्या गवताळ मुलखात लोक घोड्यांची हाडं खणून काढतात आणि भांडतात, की हा घोडा खायचा होता, गाडीचा होता की बसायचा होता. डॉक्टरांनी ते इतक्या वेळा वाचलं होतं की पानं फडक्यासारखी मऊ झाली होती.

"चामडं सडते," ते बोटं मोडत सांगायचे. "दोरी सडते. बसनारा तर आधीच सडते. उरते काय? दात. अन दात खोटं बोलत नाई."

पहिला माणूस घोड्यावर कसा बसला असेल, याविषयी त्यांचं ठाम मत होतं. "तो राजा नसन. राजाले काय गरज, त्याले उचलाले मानसं आहेत. तो ढोरकी असन, ढोरं राखनारा. घोडे दूर पयाले अन याचे पाय दुखले. बसला अन पडला. पहिल्याच दिवशी पडला असन, अन त्याची बायको हासली असन. त्याचं मोडलेलं हाडई कुठीतरी असन ना मास्तर?"

मी हो म्हणायचो. मी ऐकत होतो, पण लक्ष देत नव्हतो. हा फरक मला पुढे महागात पडला. मला म्हणण्यापेक्षा त्यांना.

एका रविवारी सकाळी मी ओसरीवर आलो तर डॉक्टर खाटेवर बसलेले. तोंडात जमादाराच्या घोड्याच्या जुन्या लगामाची लोखंडी कडी, उकळत्या पाण्यात धुतलेली, आणि तिच्या दोन्ही टोकांची सुतळी कानांमागून डोक्यावर बांधलेली. हनुवटीवरून लाळ गळत होती. तेवढ्यात एक शेतकरी खांद्याला सूज आलेला बैल घेऊन आला. त्याने विचारलं, "डाक्टरसाहेब, याले काय झालं?" डॉक्टरांनी घशातून काहीतरी आवाज काढला आणि बैलाचा खांदा तपासायला लागले. तपासलं, धुतलं, मलम लावलं, सगळं लगामासकट.

शेतकरी मागे सरकत माझ्याजवळ आला. "मास्तर, डाक्टरले काही लागलं-गिगलं का? आमच्या गावात एक उतरवनारा आहे."

तासाभराने सुतळी सोडून, चूळ भरून डॉक्टर ओरडले ते अजून माझ्या कानात आहे. "मास्तर! जीभ त्याले मांगं ढकलते! आपोआप ढकलते. मांगं गेलं का दाढेत धराव वाटते. अन दाढेत धरलं का कोनी कितीई ओढो, तोंडाले लागत नाई! घोडाई तेच करत असन. म्हनून तर त्याची पहिली दाढ झिजते."

त्यांचा जबडा पुढे दोन दिवस दुखत होता. ते पेज पिऊन राहिले, पण खूश होते.

मग ते हाड सापडलं.

नागभीडच्या वाटेवर एका तळ्याकाठी पडीक माळ आहे. तिथे मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळं आहेत, कुणी कधी मांडली ते गावात कुणालाच सांगता येत नाही. त्या उन्हाळ्यात रस्त्यासाठी मुरूम खणणाऱ्या मजुरांनी एक वर्तुळ उकरलं. काळी-तांबडी मडकी निघाली, गंजून माती झालेलं लोखंड निघालं, आणि एका मोठ्या जनावराचा अर्धा जबडा. डॉक्टर त्या गावात ढोरांना टोचायला गेले होते. पाहतात तो खड्ड्यात एक म्हातारी मांडी घालून बसलेली आणि मजूर कुदळी टेकून उभे. ती ढिवराच्या, म्हणजे मासे धरणाऱ्याच्या घरची. तिचं घर पिढ्यान्‌पिढ्या त्या वर्तुळात दरसाल एक मातीचा घोडा वाहत आलेलं. का, ते तिलाही माहीत नव्हतं.

पुढचं बोलणं डॉक्टरांनी मला दोन्ही आवाज काढून इतक्यांदा ऐकवलं, की मी तिथे होतो असंच मला वाटतं.

"बाई, हा घोडा मले दे. थोड्या दिवसासाठी."

"काऊन? तुमच्या घोडीले नवरा पाह्यजे का?"

"याच्यावर कोनी बसत होतं का, ते पाहाचं आहे."

"माहा आजा सांगे, याच्यावर देव बसते."

"देवाच्या आधी कोन बसलं होतं, ते."

म्हातारी खड्ड्यातून उठली. "न्याचा तर नेजो. पन धान कापाच्या आधी आनून देजो. कापनी झाली का आमी घोडा वाहतो इथी. जागेवर घोडाच नसला त मातीचा घोडा कोनाले वाहू?"

डॉक्टरांनी शब्द दिला. जबडा पंच्यात गुंडाळून, औषधांची पेटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन, रानीच्या खोगिरावर तो जबडा ठेवून ते आठ कोस चालत आले.

त्या रात्री कंदिलाशी त्यांनी मला तो दाखवला. घोड्याच्या पुढच्या दातांनंतर मोकळी जागा असते, तिथे लगाम राहतो. मोकळी जागा संपली की पहिली दाढ. "हे पाह्य," ते म्हणाले, आणि कंदील जवळ ओढला. "झिजली आहे. पहिल्याच दाढेले झीज आहे. याच्या तोंडात काहीतरी होतं मास्तर. अन या झाडीत रथ चालवाले रस्ता कुठी होता? हा बसाचाच घोडा."

मी मान डोलावली. झीज म्हणजे वरची, चावायची बाजू, असं माझं मीच ठरवून टाकलं.

फोटो काढायचा प्रयत्न झाला. गावात फोटोवाला एकच. त्याने जबडा स्टुलावर ठेवला, शेजारी फुलदाणी ठेवली, मागे राजवाड्याचा पडदा सोडला. फुलदाणीची सावली नेमकी दाढांवर पडली. "आणखी एक काढू, यावेळी डॉक्टर, तुम्ही शेजारी बसा," तो म्हणाला. डॉक्टर उठून आले आणि मला म्हणाले, "तूच काढ. हातानं. मोठ्या गावच्या एका विद्वानाले पाठवतो. जबडा तर परत जाईन, तू काढलेलंच राहीन. पन जसं आहे तसं काढजो मास्तर. सुंदर नको काढू."

हे शेवटचं वाक्य त्यांनी म्हटलं होतं. मला ते विसरल्याचं सोंग करता येत नाही.

मी महिनाभर चालढकल केली. मग घाईने बसलो. दाढांच्या वरच्या वळ्या मी फार मेहनतीने काढल्या, टिंब टिंब देऊन छाया भरली. अशी कामगिरी मी परीक्षेतही केली नव्हती. पहिल्या दाढेशी आलो तेव्हा तिची पुढची कड तिरपी उतरलेली दिसली, कुणी कानशीने घासावी तशी. मला वाटलं, मजुराच्या कुदळीने टवका उडाला. जबड्याला दुसरीकडे कुदळीची भेग होतीच. फुटक्या भांड्याचं चित्र काढताना फुटलेली कड अंदाजाने पूर्ण करायची, हे आम्हाला शिकवलेलं. मीही वर्गात तेच शिकवत होतो. मी मागच्या दाढेकडे पाहून पुढच्या दाढेची कड सरळ, उभी, नेटकी पुरी केली. दोन रेघा लागल्या. रबर लावायचीही गरज पडली नाही.

धान पिवळं पडलं होतं. परत द्यायच्या दिवशी सकाळीच मी चित्र आणि त्याची एक प्रत गुंडाळून घेऊन गेलो. डॉक्टरांनी कागद हातभर लांब धरला आणि त्यांचे डोळे भरून आले. "केवढं नितळ काढलं रे!" त्यांना दिसलं ते त्यांना ठाऊक होतं तेच. मूळ कागद टपालात गेला आणि जबडा तळ्याकाठी गेला. त्या वेळी मी सोबत होतो. म्हातारीने खड्ड्यात तांदूळ टाकले, डॉक्टरांनी जबडा ठेवला, मजुरांनी ढकललेले धोंडे गावातल्या चौघांनी जागेवर आणले. डॉक्टरांनी मातीवर तळहात ठेवला, आजारी जनावराच्या पोटावर ठेवत तसा.

"आला का परत?" म्हातारी म्हणाली. "मले वाटलं, तुमी बसून फिरून राह्यले असान."

पत्राचं उत्तर थंडीत आलं. मधल्या सुट्टीत डॉक्टर शाळेत आले, चित्राच्या प्रतीची गुंडाळी काखेत, पत्र हातात. हेडमास्तर खिडकीशी उभे होते. पत्र डॉक्टरांनी मलाच वाचायला दिलं. त्यात लिहिलं होतं की चित्रकार अत्यंत कुशल आहे, इतकी स्वच्छ चित्रं क्वचित पाहायला मिळतात. हे वाक्य पहिलं होतं आणि हेडमास्तरांनी ते माझ्या खांद्यावरून मोठ्याने वाचून माझ्या पाठीवर थाप मारली. पुढे होतं: लगामाची झीज असती तर पहिल्या दाढेची पुढची कड तिरपी दिसायला हवी होती. चित्रात ती अभंग आहे. सबब आपला निष्कर्ष स्वीकारता येत नाही. मूळ नमुना पाठवता आल्यास पाहू.

डॉक्टरांनी बाकावर कागद उलगडला. अगदी जवळ डोळे नेऊन पाहिलं. मग बोट ठेवलं. "मास्तर, इथी तिरपं नव्हतं का?"

त्या क्षणी मला सगळं कळलं. कुदळ नव्हे, लगाम. माझ्या दोन रेघा. आणि मी पाहिलं, हेडमास्तर अजून हसत होते, पत्रातलं ते पहिलं वाक्य अजून खोलीत होतं.

"नव्हतं डॉक्टर," मी म्हणालो. "मी मोजून काढलंय. कड सरळच होती."

चूक मी अजाणता केली होती. हे मात्र जाणूनबुजून. डॉक्टर रागावले असते, वाद घातला असता, तर मी कदाचित तिथेच कोसळलो असतो. पण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. ते हळूहळू गुंडाळी करत म्हणाले, "मंग माह्याच डोयाले दिसलं असन. मानसाले जे पाह्यजे तेच दिसते." जाताना हेडमास्तरांना नमस्कार करायलाही विसरले नाहीत.

"म्हातारीला विचारून पुन्हा काढता येईल ना तो?" संध्याकाळी मी भिंतीपलीकडे विचारलं. माझी तेवढीच हिंमत.

"एकदा झोपवलं त्याले," पलीकडून आवाज आला. "अन कशासाठी उठवू? माह्या भरमासाठी?"

पुढच्या बाजारात ते तट्टूंच्या रांगेवरून सरळ निघून गेले. तट्टूवाल्याने हाक मारली, "डाक्टर, भेटाचं नाई का आज?" त्यांनी हात हलवला. ती दोन रकान्यांची वही मला कोनाड्यात उंदरांच्या लेंड्यांखाली दिसायची. मग ते नागपूरला जाऊन चष्मा घेऊन आले. डोळ्यांच्या डॉक्टराने म्हणे सांगितलं, तुमची नजर ठीक आहे. पण हे हट्टाला पेटले, तेव्हा त्याने दिला. चष्म्याने त्यांचं नाक लाल व्हायचं. जनावर तपासतानाही आता ते दोनदा पाहायचे, मग शेतकऱ्यालाच विचारायचे, "तुले काय दिसून राह्यलं?"

वर्ष सरलं आणि त्यांची बदली धानोऱ्याला झाली. रानी आणि ते चालत गेले.

मी सुटलो असं मला वाटलं. दुसऱ्या वर्षी थंडीत एकदा मी स्टेशनवर टांग्याची वाट पाहत होतो. टांगेवाल्याने घोड्याचा लगाम काढून पुढ्यात चण्याची टोपली ठेवली होती. घोड्याने चावताना ओठ मागे ओढले. मी इतकी वर्षं घोड्यांच्या दातांविषयी ऐकलं होतं, त्यांची चित्रं काढली होती, पण जिवंत घोड्याच्या तोंडात कधी पाहिलं नव्हतं. वाकून पाहिलं. पहिली दाढ, पुढची कड, कानशीने घासावी तशी तिरपी.

"काय पाहून राह्यले साहेब?" टांगेवाला म्हणाला. "आधी एक डाक्टर होते, ते पाहत."

मी घरी न जाता डोंग्याने वैनगंगा ओलांडली. आरमोरी, गडचिरोली, मग धानोऱ्याची सर्व्हिस मोटार. डॉक्टर दवाखान्याच्या आवारात मोहाच्या झाडाखाली बसले होते, चष्मा लावून. रानी म्हातारी झाली होती, पण मला पाहून तिने कान टवकारले.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. कुदळ, दोन रेघा, हेडमास्तर, पत्रातलं पहिलं वाक्य. विद्वानांना आजच पत्र लिहितो म्हणालो. ते पत्र मी पुढे लिहिलंही, आणि उत्तरही आलं, सभ्य, की नमुन्यावाचून आता काही म्हणता येत नाही. बऱ्याच वर्षांनी नागपूरकडच्या अशाच वर्तुळांत घोड्यांच्या हाडांसोबत लगामाच्या लोखंडी कड्या मिळाल्याचं मी वर्तमानपत्रात वाचलं. तेव्हा डॉक्टर नव्हते.

पण त्या दिवशी ते होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "दोन वर्षं," एवढंच म्हणाले. "दोन वर्षं मी कोनाचंच तोंड उघडलं नाई रे मास्तर."

मला वाटलं, आता ते मला जा म्हणतील. मी जायला तयारही होतो.

ते उठले. आवाराबाहेर जंगल खात्याच्या राउंड अधिकाऱ्याचा घोडा बांधला होता. त्याच्या मानेवर थोपटून त्यांनी ओठ वर केला आणि आत डोकावले. बराच वेळ डोकावले. मग खिशातून निळी-तांबडी पेन्सिल काढून माझ्या हातात दिली, कुठल्याशा छापील फॉर्मची कोरी पाठ दिली.

"काढ. मी तोंड धरतो."

मी जवळ गेलो. त्यांनी स्वतःचा चष्मा काढला आणि, मी काही बोलायच्या आत, माझ्या नाकावर बसवून दोन्ही काड्या कानांमागे अडकवल्या. "हा तुले लाव. मले कशाले पाह्यजे? माहे डोये चांगले आहेत."

घोडा मान हलवत होता, त्याची लाळ कागदावर पडत होती, आणि माझी रेघ ठिकठिकाणी वाकडी गेली. मी ती तशीच ठेवली. काचांना नंबर नव्हता. त्यांतून दाढ जशी होती तशीच दिसत होती.